ऊस ओढायला ट्रॅक्टर : बारका घ्यावा की मोठा?

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि त्याच सुमारास ट्रॅक्टरच्या शोरूमपुढे झेंडूच्या माळा घातलेले नवे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. ज्याच्याकडे आधीच एक ट्रॅक्टर आहे तो दुसऱ्याचा विचार करतो. ज्याच्याकडे नाही तो कारखान्याशी वाहतुकीचा करार करून पहिला घ्यायला निघतो. चर्चा मात्र सगळीकडे एकच. चाळीस एचपीचा घ्यावा, की पन्नास-पंचावन्नचा? एक ट्रेलर ओढावा, की डबल?

हा निर्णय बहुतेक वेळा भावकीतल्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरकडे बघून होतो. 'त्याने पंचावन्नचा घेतला, मग आपण काय कमी आहोत?' असे म्हणून सही होते, आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो तो पुढची पाच-सात वर्षे. म्हणून हंगामाच्या तोंडावर या प्रश्नाचा थोडा थंड डोक्याने हिशेब मांडणे गरजेचे आहे. ओढण्याचे गणित, थांबवण्याचे गणित, पैशाचे गणित आणि कायद्याचे गणित अशी ही चार गणिते आहेत. यांतले एकही चुकले तरी बाकीची तीन जुळून उपयोग होत नाही.

एचपी म्हणजे जोर नव्हे

आपल्याकडे एचपीचा आकडा म्हणजेच ट्रॅक्टरची ताकद असा पक्का समज आहे. तो अर्धाच खरा आहे. एचपीवर वेग ठरतो. पकड ठरते ती मागच्या चाकांवर पडणाऱ्या वजनावर. बारीक बैल कितीही चपळ असला तरी चढाला त्याचे पाय घसरतात, तसेच हे आहे.

उदाहरण घेऊन पाहू. समजा ट्रॅक्टर २.२ टनांचा, दोन रिकामे ट्रेलर प्रत्येकी २ टनांचे आणि प्रत्येकात ७ टन ऊस. सगळे मिळून साधारण २० टन झाले. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओझे ओढायला वजनाच्या सुमारे दोन टक्के जोर लागतो, म्हणजे ४०० किलो. तो कोणताही ट्रॅक्टर देतो. पण वीस फुटाला एक फूट असा चढ लागला की त्यात आणखी पाच टक्के, म्हणजे १,००० किलोची भर पडते. आता १,४०० किलोचा जोर हवा.

हा चढ ताशी १० किलोमीटरने चढायचा तर चाकांपर्यंत सुमारे ५२ एचपी पोचली पाहिजे. चाळीसच्या इंजिनाची चाकांपर्यंत पोचते तीस-पस्तीस. म्हणून तो ट्रॅक्टर चढतो, पण ताशी सहा किलोमीटरने, रडत-कुंथत आणि क्लच जाळत. इथपर्यंत प्रश्न फक्त वेळेचा आहे.

पकडीचे मात्र तसे नाही. चाळीस एचपीचा ट्रॅक्टर साधारण १.८ टनांचा भरतो. त्याच्या मागच्या चाकांवर १.१ टन आणि ओढताना पुढून मागे सरकणारे वजन तीन-साडेतीनशे किलो. कोरड्या डांबरावर या वजनाच्या सत्तर टक्के पकड धरली तरी १,००० किलोच्या आसपासच जोर मिळतो. हवा १,४००. म्हणजे इंजिन कितीही ओरडले तरी चाक जागेवर फिरणार. उलट याच ट्रॅक्टरला एकच ट्रेलर लावला तर एकूण वजन पावणेअकरा टन होते, त्याच चढाला साडेसातशे किलोचा जोर पुरतो आणि ताशी दहाच्या वेगाला २८ एचपी लागते. दोन्ही गोष्टी त्याच्या आवाक्यात बसतात.

सव्वादोन टनी मोठ्या ट्रॅक्टरलाही डबल ट्रेलर सहज झेपतो असे नाही. मागच्या टायरमध्ये पाणी भरून आणि चाकांना लोखंडी वजने लावून चार-पाचशे किलो वाढवले, तर तो चढ निघतो. पाणी न भरता, वजने न लावता नुसत्या एचपीवर डबल ओढणारे गडी टायर आणि डिझेल दोन्ही घासतात.

फडातली गोष्ट आणखी वेगळी. भुसभुशीत रानात ओझ्याच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त जोर लागतो आणि चाकांची पकड निम्म्यावर येते. त्यामुळे भरलेले दोन ट्रेलर एकदम रानातून काढणे या वर्गातल्या कोणत्याच ट्रॅक्टरचे काम नव्हे. एकेक ट्रेलर बांधापर्यंत आणून रस्त्यावर जोडावा लागतो. ओल्या काळ्या रानात जड ट्रॅक्टर फिरला की खोडव्याच्या सरीचा दगड होतो, हेही ऊस घालणाऱ्या मालकाने ध्यानात ठेवावे. तिथे बारकाच बरा.

ओढणे सोपे, थांबवणे अवघड

ट्रॅक्टर विकत घेताना 'किती ओढतो?' असे सगळे विचारतात. 'भरल्या ट्रेलरसह उतारावर किती अंतरात थांबतो?' असे विचारणारा शंभरात एक. अपघात मात्र उतारावर आणि वळणावर होतात.

आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर मागचे अठरा टन ओझे त्या दोन चाकांनी धरायचे. वरचेच उदाहरण उतारावर घ्या. वीस टनांचे ओझे वीसला एक अशा उतारावर ६०० किलोच्या जोराने पुढे ढकलते. पाणी-वजने न लावलेल्या सव्वादोन टनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रोखण्याची ताकद सगळी मिळून १,००० किलोच्या आत-बाहेर. म्हणजे प्रत्यक्ष वेग कमी करायला उरतात ४०० किलो. एवढ्यावर ताशी २० किलोमीटरने उतरणारी गाडी थांबायला पाऊणशे मीटर लागतात. वेग ३० असेल तर पावणेदोनशे मीटर. त्यात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर धरलेले नाही. रस्ता दवाने ओला असेल, मळी सांडलेली असेल, तर हिशेबच करायला नको.

बारका ट्रॅक्टर एका ट्रेलरसह त्याच उतारावर ताशी वीसच्या वेगाला साधारण ४० मीटरमध्ये थांबतो. म्हणजे बारका ट्रॅक्टर कमी ओढतो, पण जेवढे ओढतो तेवढे बऱ्यापैकी धरतो. मोठा ट्रॅक्टर डबल ओढतो, पण ट्रेलरला ब्रेक नसेल तर तेवढे धरू शकत नाही. हाच या दोघांतला खरा फरक आहे. डबल ट्रेलर ओढायचाच असेल तर ट्रेलरला ब्रेक बसवून घ्यावा. चढावर अडकलेली गाडी दुसरा ट्रॅक्टर लावून काढता येते. उतारावर सुटलेल्या गाडीला कोणी धरत नाही.

यातून ड्रायव्हरसाठी तीन नियम निघतात. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे ब्रेकच काढून टाकणे. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेली असावीत. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रेलर त्याच्यावर चढतो. आणि ट्रेलर नेहमी खालच्या हुकालाच जोडावा. वरच्या लिंकला साखळी बांधून ओढले की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. पुढची चाके उचलून दाखवणे याला काही पोरे मर्दुमकी समजतात. चाक जमिनीवर नाही म्हणजे स्टेअरिंग हातात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पैशाचा हिशेब

मग लोक डबलकडे का धावतात? त्यालाही कारण आहे आणि ते खोटे नाही. कारखान्याच्या यार्डात नंबरला थांबण्यात दिवस जातो. खेप एकच होणार असेल तर त्या एका खेपेत सातऐवजी चौदा टन गेलेले बरे, हे कोणालाही कळते.

समजा डबलच्या जोडीचा वर्षाचा हप्ता दोन लाख आणि एका ट्रेलरच्या बारक्या जोडीचा एक लाख वीस हजार बसतो. हंगाम १२० दिवस चालला तर डबलवर रोजचा १,६६७ रुपये आणि बारक्यावर १,००० रुपये बोजा पडतो. हंगाम ९० दिवसांत आटोपला तर तोच बोजा २,२२२ आणि १,३३३ होतो. रोज एक खेप धरली तर ९० दिवसांच्या हंगामातही डबलला टनामागे १५९ रुपये आणि बारक्याला १९० रुपये हप्त्याचा भार येतो. म्हणजे कागदावर डबल स्वस्त पडतो.

पण 'रोज एक खेप' या तीन शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे. टोळी अर्ध्या हंगामात निघून गेली, मुकादमाने उचल घेऊन पाठ फिरवली, गटात ऊसच कमी निघाला, की बोजा रोजचा चालू आणि खेप शून्य. महाराष्ट्रात २०२३-२४ च्या हंगामात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ८० लाख टनांवर आली आणि अनेक कारखान्यांचे पट्टे लवकर पडले. हप्ता मात्र कोणत्याही बँकेने चौथ्या हिश्श्याने कमी केला नाही. कर्ज मोठे असले की वाईट हंगामाचा मारही मोठा बसतो.

तेव्हा ट्रॅक्टर निवडताना चांगल्या हंगामाचा नव्हे, पडत्या हंगामाचा हिशेब धरावा. ९० दिवसांच्या हंगामात, त्यातले दहा-पंधरा दिवस बिनखेपेचे धरून, हप्ता निघतो का? निघत नसेल तर उरलेल्या नऊ महिन्यांत ट्रॅक्टर काय कमावणार ते आधी लिहून काढावे. पन्नास-पंचावन्नचा ट्रॅक्टर पलटी नांगर, मोठा रोटाव्हेटर, मळणीयंत्र यांवर चालतो. पण गावात तसे पंधरा ट्रॅक्टर आधीच असतील तर भाड्याचे काम वाटून जाते. चाळीसच्या आतला ट्रॅक्टर भरणी, आंतरमशागत, फवारणी अशी बारकी कामे वर्षभर करतो. ज्याची स्वतःची जमीन तीन-चार एकर आहे त्याने केवळ ऊस वाहतुकीच्या भरवशावर मोठा ट्रॅक्टर घेणे म्हणजे मुकादमाच्या शब्दावर जमीन गहाण टाकणे आहे.

आणखी एक गोष्ट. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी एफआरपीतून, म्हणजे ऊस उत्पादकाच्या बिलातूनच वजा होतो. त्यामुळे वाहतूकदाराचे गणित बिघडले की दर वाढवून मागणे आले, खुशाली आली, आणि त्याची झळ ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यालाही बसते.

पन्नासची रेघ

किमतीच्या बाबतीत दोन बदल लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १ जानेवारी २०२३ पासून साधारण पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे या ट्रॅक्टरमध्ये कॉमन रेल पद्धतीची, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंजिने आली. डिझेल जपून खातात, पण किंमत वाढली आणि गावातल्या मेकॅनिकला पंप खोलून भागत नाही. कॅनमधले गाळ बसलेले डिझेल त्यांना सोसत नाही. म्हणूनच पन्नासच्या जरा खालचे ट्रॅक्टर बाजारात जोरात चालतात. नुसता आकडा पाहून 'पन्नासच्या वरचा भारी' असे ठरवू नये. एक-दोन एचपीच्या फरकासाठी वेगळ्या जातीचे इंजिन पदरात पडते.

दुसरा बदल चांगला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला. कोटेशन घेताना हा फरक उतरला आहे की नाही, ते पाहावे. वाचलेल्या पैशात मोठा ट्रॅक्टर घेण्याऐवजी ट्रेलरला ब्रेक आणि चांगले टायर घातले तर ते जास्त कामाला येतील. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्यापूर्वी खरेदी करू नये. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही.

डीलरकडे आणखी एक कागद मागावा. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात त्या मॉडेलचे खरे वजन, पीटीओवर मिळणारी शक्ती, हुकावरचा जोर आणि ब्रेकची चाचणी दिलेली असते. जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओवर त्याच्या दहा-पंधरा टक्के कमी मिळते. दोन मॉडेलची तुलना करायची तर हुकावरचा जोर आणि वजन यांची करावी, बॉनेटवर रंगवलेल्या आकड्यांची नव्हे.

पिकअपचे काय?

काही तरुण विचारतात, ट्रॅक्टर नको, पिकअपच घेतली तर? उत्तर मालावर आहे. भाजी, दूध, फुले, कांदा असा टन-दीड टन माल रोज बाजारात न्यायचा असेल तर पिकअप ट्रॅक्टरपेक्षा लवकर आणि कमी डिझेलमध्ये जाते. अमेरिकेत पिकअपच्या मागे ट्रेलर लावून जनावरे आणि गवताच्या गाठी ओढतात. तिथेही हलकी घ्यावी की जड हा वाद आहेच, आणि तिथेही शेवटी मुद्दा ब्रेकचा आणि मागच्या आसावरच्या वजनाचाच निघतो. आपल्याकडच्या पिकअप मात्र पाठीवर माल नेण्यासाठी आहेत, ऊस ओढण्यासाठी नव्हेत. तिला ट्रेलर लावण्याचा जुगाड कोणी सुचवला तरी करू नये.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ खाली जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. मर्यादा किती, हे ड्रायव्हरच्या अनुभवावर नव्हे तर ट्रेलरच्या नोंदणी पुस्तकावर ठरते. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते आणि विम्यातही त्याचा उल्लेख वेगळा लागतो. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रेलरचा नाही, अशी अर्धी कागदपत्रे अपघातानंतर गळ्याशी येतात. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने चालवला तरी विमा कंपनी हरकत घेते. करार करण्याआधी आरटीओत हे नीट करून घ्यावे.

परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. ट्रॅक्टरचा वैध परवाना असलेल्याने ट्रेलर जोडला म्हणून परवाना निकामी होत नाही, असा निकाल २००१ मध्ये झाला. आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने साडेसात हजार किलोच्या आतल्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो हे कायम केले. पण हे निकाल परवाना असलेल्यासाठी आहेत. सोळा वर्षांच्या पोराच्या हाती डबल ट्रेलर देणाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही.

गावाने काय करावे

हा प्रश्न एकट्या ट्रॅक्टरमालकाचा नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी हंगामापूर्वी एक बैठक घेतली तरी बरेच काही टळते. कोणत्या शिवरस्त्याची मोरी खचली आहे, कुठे विजेच्या तारा लोंबल्या आहेत, कोणत्या उतारावर शाळा आहे, याची यादी करून ती कारखान्याच्या गट ऑफिसला आणि बांधकाम खात्याला द्यावी. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी त्या उतारावरून डबल ट्रेलर नेऊ नये, हे गावानेच ठरवावे. रात्री रस्त्यावर पंक्चर होऊन उभा राहिलेला, रिफ्लेक्टर नसलेला ट्रेलर हा मोटारसायकलवाल्याचा काळ असतो. पाट्या आणि लाल पट्ट्या हंगामाच्या पहिल्या खेपेआधी लागल्या पाहिजेत. त्यांचा खर्च एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

तेव्हा निवड कशी करावी? रस्ता चढ-उताराचा, वाट शाळा-वस्तीतून, कारखाना जवळ, स्वतःची जमीन थोडी, टोळीची खात्री नाही, यांतल्या दोन-तीन गोष्टी लागू असतील तर चाळीसच्या आसपासचा ट्रॅक्टर आणि एक ट्रेलर. रस्ता सपाट, अंतर लांब, यार्डात थांबणे जास्त, टोळी जुनी आणि खात्रीची, हंगामाबाहेर नांगरटीचे काम हक्काचे असेल तर मोठा ट्रॅक्टर आणि डबल. पण टायरमध्ये पाणी, चाकांना वजने आणि ट्रेलरला ब्रेक घालूनच. या तीन गोष्टींचे पैसे कोटेशनमध्ये बसत नसतील तर डबल आपल्याला परवडत नाही असे समजावे आणि एका ट्रेलरवर हंगाम काढावा.